ठमीचा तास

मंगळवार, नऊ तारीख

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही हे पत्र फाडलं नाहीस, म्हणजे अर्धी लढाई जिंकलो. इकडे सगळे ठीक. तुझी वहिनी मजेत, माझा गुडघा कुरकुरतो, नातीला दोन दात आलेत आणि ते ती माझ्याच बोटावर चालवून बघते. तू शाळेच्या ऑफिसात कामाला लागलीस असं कळलं, बरं वाटलं. फोनच केला असता, पण तू उचलला नसतास. आणि उचलला असतास तर माझी पाचावर धारण बसली असती. आपण बोललो नाही त्याला अडीच वर्षं झाली.

आता बातमी. तुझा दादा कॉलेजात जातो.

हसून घे आधी. रिटायर झाल्यावर महिनाभर मी घरी बसून वहिनीला भांडी कशी लावायची ते शिकवत होतो. एक दिवस तिनं हात जोडले. म्हणाली, "अहो, तीस वर्षं बस चालवलीत, आता घर चालवू नका. कुठंतरी जा." आमच्या डेपोच्या मागच्या गल्लीत कम्युनिटी कॉलेज आहे. वयाची अट नाही. शिवण, वायरिंग, कॉम्प्युटर, काय वाटेल ते शिकवतात. कॉम्प्युटरचा वर्ग भरला होता, म्हणून मी रुग्णसेवेचा घेतला. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं कसं करायचं, त्याचा सहा महिन्यांचा कोर्स.

वर्गात आम्ही चौदा जण, मी सोडून सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे. मला काका म्हणतात. शिकवायला एक निवृत्त मेट्रन आहेत. उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, पण त्या बोलल्या की शेजारचा शिवणाचा वर्गही गप्प होतो. मला त्या ड्रायव्हरसाहेब म्हणतात आणि त्यात साहेबपणा कणभरही नसतो.

पहिली परीक्षा चादरीची होती. माणूस पलंगावरच, त्याला न उचलता अंगाखालची चादर बदलायची. आधी एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळायची, नवी तिला लागून अंथरायची, मग दुसऱ्या कुशीवर. सरावाला रबरी पुतळा असतो. पोरं घामाघूम झाली, एकानं तर पुतळा जमिनीवर पाडला. मी तीन मिनिटांत चादर बदलली, एक सुरकुती नाही. कॉलर ताठ करून उभा राहिलो. मेट्रननी मला शून्य दिलं.

"का हो, मॅडम?"

"पेशंटला सांगितलंत?"

"तो रबराचा आहे."

"आज रबराचा आहे. सांगितल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. बसा खाली."

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन वहिनीला म्हणालो, मी नाही जाणार उद्यापासून. ती म्हणाली, "भांडी लावायला मी तुम्हाला घेणार नाही." झक मारत गेलो.

त्या दिवशी मेट्रननी पुतळ्याच्या जागी मलाच झोपवलं. डोळ्यांवर पट्टी. बोलायचं नाही, हलायचं नाही, एक तास. म्हटलं बरं झालं, एक डुलकी काढू.

डुलकी कसली, ठमे. आधी दोघं जण उशाशी उभे राहून माझ्या पोटाच्या घेराबद्दल बोलले. मी तिथं आहे, मला ऐकू येतंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मग कुणीतरी एकदम खांदा आणि कंबर धरून मला उलटवलं. पलंगाची कड कुठं आहे ते कळेना. पडलोच असं वाटलं. एकदा उतारावर बसचे ब्रेक गेले होते, तेव्हाही हातात निदान स्टिअरिंग होतं. इथं हातात काहीच नव्हतं.

मग पार्लरमध्ये काम करणारी एक मुलगी आहे वर्गात, ती आली. "काका, मी आलेय. तुमचा उजवा हात छातीवर ठेवते. आता माझ्याकडे वळवते, धरलंय मी, पडणार नाही तुम्ही. झालं. पाठीला उशी लावते हं." एवढंच बोलली. मी पट्टीखाली रडायला लागलो. तिला वाटलं, काहीतरी दुखावलं.

मला तुझा आवाज ऐकू येत होता. "आई, पाठ पुसते हं. पाणी कोमट आहे. आता खिडकीकडे वळू या, बाहेर ऊन छान पडलंय." आई अंथरुणाला खिळल्यावर सहा वर्षं तू तिच्याशी दिवसभर असं बोलत होतीस. आणि मी महिन्यातून एकदा फळांची पिशवी घेऊन यायचो, दारातच उभा राहून म्हणायचो, "भिंतीशी कशाला बोलतेस? तिला काही कळत नाही." आईच्या समोर म्हणायचो. ती ऐकत असणार गं.

आता एवढं लिहिलंच आहे तर खरंही लिहितो. कॉम्प्युटरचा वर्ग अर्धा रिकामा होता. मी फॉर्मवर कॉम्प्युटर लिहिलं, मग खोडून रुग्णसेवा लिहिलं. तू त्या खोलीत दिवसभर काय करत होतीस ते मला एकदा समजून घ्यायचं होतं. आणि अजून एक सांगतो. मी हाक मारली की आई छताकडे बघत राहायची. तू स्वयंपाकघरातून नुसतं "आले गं" म्हटलंस की तिची मान तुझ्या बाजूला वळायची. ते मला दिसत होतं. मी थोरला मुलगा, आणि माझा जळफळाट व्हायचा. त्यापायीच आई गेल्यावर सगळ्या नातेवाइकांसमोर बोललो, "ठमीनं असं काय केलं? आई तर नुसती पडून होती." तू हातातला ट्रे खाली ठेवलास आणि आत गेलीस. तेव्हापासून बोलली नाहीस, ते बरोबरच केलंस.

गेल्या आठवड्यात मेट्रन पाठीच्या जखमा शिकवत होत्या. सारखं पडून राहिलं की कातडी जाते, मग आत चिघळतं. त्यांनी विचारलं, "वर्षभर पडून आहे आणि पाठीवर एकही जखम नाही, असा पेशंट कुणी पाहिलाय?" मी हात वर केला. म्हटलं, सहा वर्षं, माझी आई. त्यांचा विश्वास बसेना. किती तासांनी कूस बदलायचात? उश्या कुठं कुठं लावायचात? टाचा कशा वर ठेवायचात? मला एकाचंही उत्तर येईना.

"तुम्ही तिथं होतात ना?"

"येऊन-जाऊन."

"मग नर्स कोण होती?"

"नर्स नव्हती. माझी धाकटी बहीण. कुठं शिकलेली नाही. सगळं एकटीनं केलं तिनं."

मेट्रननी चष्मा काढला. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत माझ्या वॉर्डात हे मला जमलं नाही. बोलवा त्यांना. त्या दिवशी मी बाकावर बसेन."

ठमे, अख्ख्या वर्गानं वळून माझ्याकडे पाहिलं आणि माझी छाती अशी फुगली की विचारू नकोस. जन्मात एवढा अभिमान वाटला नव्हता. आणि लाजही वाटली, कारण फुगलो होतो तो तुझ्या जिवावर.

काल चादरीची परीक्षा पुन्हा झाली. पुतळ्याला सांगायला गेलो, तर तोंडातून "आई, कूस बदलतो हं" असंच निघालं. कुणी हसलं नाही. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस, वर्गात पहिला. दोन मार्क सुरकुतीचे गेले.

तर अठरा तारीख, गुरुवार, दुपारी चार वाजता, खोली नंबर सात. फळ्यावर मेट्रननी "पाहुण्या शिक्षिका" असं लिहून पुढची जागा सोडली आहे. तू हो म्हटलंस तरच तिथं नाव लिहीन. मला कुठं काय येतं, असं म्हणशील, माहीत आहे मला. तुला काय येतं ते पाहायला मेट्रन आणि वह्या घेतलेली पोरंपोरी बसणार आहेत. पलंगाशी उभी राहा आणि आईचं जसं करायचीस तसं करून दाखव. माझ्याशी बोलायलाच पाहिजे असं नाही. मी मागच्या बाकावर बसेन, तिथंही नको असलो तर जिन्यात थांबेन.

माझं चुकलं. ते मी चारचौघांत बोललो होतो, म्हणून माफी अशी बंद पाकिटात मागणं मला पटेना. त्या दिवशी घरात कोण कोण होतं त्यांची यादी केली, अकरा जण निघाले. गेले चार दिवस एकेकाला फोन करून सांगतोय की मी खोटं बोललो होतो, आईला सहा वर्षं ठमीनं जगवलं. शेवटचा फोन मोठ्या काकांना केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्हाला तेव्हाच ठाऊक होतं रे. तूच उशिरा शिकलास."

तुझा, नुसताच वयानं मोठा,
दादा