जयेंद्रगंजातला घोडेस्वार

३ नोव्हेंबर
माळा साफ करताना (कल्पना माझीच, बायको सीमंतिनी फक्त आठवडाभर बोलत होती) आजोबांच्या ट्रंकेत जयेंद्रगंजाच्या रस्त्याचे सात फोटो मिळाले. मागे साल १९५३. सहांत नुसता रस्ता, दुकानं, टांगे. वाया घालवलेली फिल्म. सातव्यात मात्र घोड्यावर रुबाबदार फेटेवाला! चेहरा पुसट. कपाळावरून काहीतरी लोंबतंय, बहुधा मोत्यांचा तुरा. नाक माझंच. म्हणजे आजोबा. बायको म्हणाली, "महिपतराव खजिन्यात कारकून होते ना?" कारकुनांनी घोड्यावर बसू नये असा काही नियम नव्हता.

५ नोव्हेंबर
ठरलं. २३ला मराठी मंडळात स्लाइड शो. 'जयेंद्रगंज : तेव्हा आणि आता'. जिथे आजोबा, तिथेच घोड्यावर मी. सेक्रेटरी मधुसूदन म्हणाले, स्कूटरवर बसलात तरी चालेल. मत्सर.

९ नोव्हेंबर
जागा सापडली. फोटोत घोड्यामागे दिसणारा झरोका आता कोचिंग क्लासच्या बोर्डामागे आहे. एक दगडी कोपरा तेवढा बाहेर. तो बघत अर्धा तास रस्त्यात उभा होतो. पानवाल्याने विचारलं, "अंकल, बच्चे का एडमिशन है क्या?" इतिहासाची कुणाला कदरच नाही.

१२ नोव्हेंबर, सकाळ
वजन उतरवायला हवं. आजपासून एकच पोळी.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ
डाळ भरून तळलेली बेडई पोळीत धरत नाहीत.

१८ नोव्हेंबर
सकाळी सातला भाड्याची पांढरी घोडी आली. मुलगी प्रांजली मोबाइल घेऊन समोर. "बाबा, पोट आत घ्या ना! और थोडा स्माइल तो करो!" तेवढ्यात कचरागाडी गाणं वाजवत आली. घोडी वरातीतली. नाचायलाच लागली. घोडीवाला ओरडला, "साहब, गाना बंद होगा तभी रुकेगी!" गाडी दर दुकानापाशी थांबत होती. मी बहुतेक वेळ वरच होतो.

१९ नोव्हेंबर
कोचिंगच्या मुलांनी व्हिडिओ टाकला. अकरा हजार लोकांनी पाहिला. खाली सगळे 'फूफाजी', म्हणजे लग्नातले आत्याचे यजमान, असं लिहिताहेत. आदरानेच. प्रांजलीच्या एका फोटोत मी ताठ आलोय. तोच दाखवणार.

२३ नोव्हेंबर
हॉल भरलेला. आजोबांची स्लाइड लावली आणि म्हणालो, "आमचे घराणे..." पहिल्या रांगेतल्या शांताताई उठल्या. वय एकोणनव्वद. काठी टेकत पडद्यापाशी गेल्या आणि घोडेस्वाराच्या गालावर हात ठेवला. "हे तर आमचे हे. आमची वरात आहे ही."
मी म्हटलं, तुरा? "मुंडावळ्या आहेत त्या."
मग आजोबा कुठे आहेत? "महिपतराव? ते कसे दिसतील? कॅमेरा घेऊन समोरून उलटे चालत होते. रस्त्याचे फोटो काढायचा भारी नाद त्यांना. आमचा हा फोटो मागायचा राहूनच गेला बघ."
बायका डोळे पुसू लागल्या. मग सगळ्यांना उरलेले सहा फोटो हवे झाले. कुणाला आपलं दुकान दिसलं, कुणाला काकांचा टांगा. तासभर टाळ्या. माझी स्लाइड राहिली. घरी येताना सीमंतिनी म्हणाली, "आजोबा खरंच मोठे हो तुमचे." सांत्वन करत असावी. ज्या माणसाचा स्वतःचा एक धड फोटो नाही, तो मोठा कसला?

२५ नोव्हेंबर
शांताताईंकडे फोटो फ्रेम करून नेला. सोबत पिशवीत माझाही नेला होता, मोठ्या साइजमध्ये. त्यांनी चहा दिला आणि त्यांच्या फोटोकडे बघत बसल्या. मी दोनदा खोकलो. शेवटी "येतो" म्हटलं. ऐकू गेलं नसावं. पिशवी न उघडताच परत आलो.