बिजली माझ्यामागे लपली

प्रिय मालूताई,

आज सकाळी आपल्या हुडकेश्वरच्या घरी एक माणूस येऊन गेला. तो कशासाठी आला होता, हे तुझ्या लाडक्या भावजयीला, संध्याला, माहीत नाही. तुझ्या भाचीला, मुक्तालाही नाही. मला माहीत आहे आणि त्या माणसाला. दुपारचं जेवण गेलं नाही. संध्या म्हणाली, नवतपा सुरू आहे, ऊन बाधलं असेल, आणि तिनं कैरीचं पन्हं करून दिलं. मी गपचूप प्यालो. ऊन कसलं बाधतं! लाज वाटून राहिली वं ताई. घरात सांगायची हिंमत होत नाही, म्हणून तुला लिहायला बसलो. तू असताना साधा दोन ओळींचा मेसेज कधी केला नाही, आणि आता पत्र! हेही ऐकून घे.

बिजलीबद्दल आहे.

गळ्यात तार रुतलेली ती कुत्री तू कुहीच्या बसस्टँडामागून उचलून आणलीस, तेव्हा मी फोनवर हसलो होतो. "नाव बिजली, आणि भिते बल्बाले!" तू रागावली नाहीस. म्हणालीस, "बाळू, तिले कोणी भल्लं मारलं आहे गा. भीती जायले वेळ लागते." मी हो हो म्हटलं आणि टीव्हीवरची मॅच पाहत राहिलो. तिच्याबद्दल तू अजून किती काय सांगायचीस! त्यातलं अर्धं जरी कानात शिरलं असतं, तर कामी आलं असतं. पण तूसुद्धा काहून अशी वं ताई? स्वतःचं दुखणं अंगावर काढलंस, आम्हाला पत्ता लागू दिला नाहीस, आणि कुत्रीची मात्र खडानखडा बातमी! आधी आपली सांगायची की नाही?

तुझ्या तेरवीला शेवटची पंगत उठली आणि कोणीतरी विचारलं, आता या कुत्रीचं काय? तुझ्या शेजारच्या लताबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "राहू द्या जी माझ्याजवळ. ओळखते मले." गोष्ट तिथंच संपायला हवी होती. पण चार माणसं बसली होती ना, मला कंठ फुटला. "माझ्या ताईची कुत्री परक्याच्या दारात? मी काय मेलो?" माना हलल्या. मामा म्हणाले, "भाऊ असावा तं असा." झालं, मी फुगलो. बिजली तेव्हा पाण्याच्या टाकीआड अंग चोरून बसली होती. तिला कुठं राहायचं आहे, हे कोणी पाहिलं नाही.

घरी आणली तर आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर खबर. "ताईची आठवण घरी आली." तुझा फोटो, तिचा फोटो, खाली जोडलेले हात. मग मला हौस आली की हिचं औक्षण करू! शेजारच्या बाया, त्यांची पोट्टी, सगळी फाटकात गोळा. एवढंसं तिचं तोंड, आणि मी त्याच्यासमोर पेटतं निरांजन ओवाळतो आहे! ती तिथंच मुतली आणि जी पळाली ती बाथरूममध्ये बादलीमागे. बायांसमोर मी हसून घेतलं. मग आत जाऊन तिच्यावर ओरडलो.

त्यानंतर तिचं घर म्हणजे ते बाथरूम. संध्या पोळीचा काला घेऊन दारात बसायची. "ये ना वं बिजू, खाय ना माय." मुक्ता मोबाइलवर पाहून काय काय शिकायची. आवाज कमी करा, झाडू नजरेआड ठेवा, पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावा. मी म्हणायचो, ही कुत्री आहे की जावई? दोघी हसायच्या, पण करायचं ते करायच्या. हळूहळू बिजली बैठकीच्या उंबऱ्यापर्यंत यायला लागली.

मग एप्रिल आला आणि आम्ही कूलर लावला. आपला तो लोखंडी डब्बा तुला माहीत आहे, सुरू केला की ट्रॅक्टरच! तो घरघरला आणि बिजली परत बादलीमागे. खाणंपिणं बंद. संध्यानं कूलर बंद केला. म्हणाली, "काही दिवस पंख्यावर भागवू जी." नागपूरचा उन्हाळा आणि पंख्यावर! मी ऑफिसातून घामाघूम येऊन बटन दाबायचो, ती बंद करायची. भांडणं झाली. शेवटी मी म्हटलं, "कुत्रीपायी मले भाजून काढता का?" आणि त्या दिवसापासून बिजलीशी अबोला धरला.

हसू नकोस. चोपन्न वर्षांचा माणूस कुत्रीशी अबोला धरतो, हे खरं आहे. तिच्याकडे पाहायचं नाही, तिचं नाव घ्यायचं नाही. कूलर बंदच राहिला, म्हणून बैठकीत गार फरशीवर चटई टाकायची, बाथरूमकडे पाठ करायची आणि पेपर वाचत पडायचं. महिनाभर हेच.

आणि गेल्या आठवड्यात मी ऑफिसातल्या एकाच्या साळ्याशी बोललो. उमरेडकडे त्याची शेती आहे, राखणीला कुत्रं पाहिजे होतं. मी म्हटलं, आहे आपल्याजवळ, मजबूत आहे. मजबूत! हवेनं दार वाजलं तरी जेवण सोडणारी! रविवारी सकाळी संध्या आणि मुक्ता बर्डीवर कपडे घ्यायला जाणार होत्या. त्याला म्हटलं, तेव्हाच ये. या दोघी परत आल्या की सांगणार होतो, फाटक उघडं राहिलं, पळाली. शब्दसुद्धा ठरवून ठेवले होते.

लताबाईंना फोन करता आला नसता का? आला असता. पण मग तेरवीत एवढी मिजास केली ती गिळावी लागली असती. माझं नाक वर राहावं म्हणून मी तिला अनोळखी रानात बांधायला निघालो होतो. तू जिला इतकं जपलंस, तिला!

तो आला. फाटकाशी फटफटी उभी केली, हातात दोर. माणूस चांगला होता, त्याच्याकडे काही दोष नाही. "कुठं आहे जी कुत्रं?" म्हणत आत आला. बिजली उंबऱ्याशी बसली होती. मला वाटलं, आता ही बादलीमागे घुसणार आणि हिला ओढून काढावं लागणार. मी चटईवरून उठलो.

ती बाथरूमकडे गेली नाही. धावत माझ्याकडे आली. माझ्या दोन्ही पायांमागे शिरली, पोटऱ्यांना अंग चिकटवलं आणि थरथर कापायला लागली. या घरात आल्यापासून तिनं मला एकदाही शिवलं नव्हतं. तू म्हणशील, घरात दुसरं कोणी नव्हतं, कुठं जाईल बिचारी? पण बाथरूम होतं ना ताई! दार सताड उघडं होतं!

तो हसला. "काय भाऊ, हे काय राखण करंल? तुम्हीच याची राखण करून राहिले."

मी म्हटलं, "राहू दे गा. नाही द्याची." त्याला माठातलं पाणी दिलं, फुकटचा त्रास दिला म्हणून हात जोडले. एवढ्या उन्हात तेवढ्या लांबून आला होता. तो गेला तरी मी तसाच उभा राहिलो. पाय हलवला तर ती घाबरेल, असं वाटत होतं.

संध्या आणि मुक्ता आल्या तेव्हा मी चटईवर होतो आणि बिजली माझ्या पाठीला पाठ लावून झोपली होती. संध्या पिशव्या हातात घेऊन दारातच रडायला लागली. "तुम्हीच जिंकलं जी तिले!" मुक्तानं फोटो काढून जनावरांच्या डॉक्टरांना पाठवला. त्यांचा लगेच फोन. म्हणे, घाबरलेलं जनावर मागे लागणाऱ्याकडे जात नाही. जो पाहत नाही, बोलत नाही, मुकाट बसून राहतो, त्याच्यावर त्याचा भरवसा बसतो. तुमच्या बाबांचा पेशन्स मोठा!

पेशन्स! मी रुसलो होतो वं! संध्यानं इतके दिवस जीव लावला, आणि श्रेय मला, रुसून बसलेल्याला. मी पाठ फिरवली आणि तिला वाटलं, हा बरा आहे, हा मारायला येत नाही. माझ्या पाठीमागे ती रोज एकेक फरशी पुढे सरकत असेल. मी वळून पाहिलंच नाही, तर मला काय कळणार?

आता घरात माझं कौतुक चाललं आहे. मुक्ता म्हणते, फोटो ग्रुपवर टाकते. मी म्हटलं, थांब जरा, संध्याकाळी पाहू. तिला वाटलं, बाबा लाजले. लाजलोच आहे, पण तिला वाटतं तसा नाही. तू असतीस तर मला रागावली नसतीस. नुसती पाहत राहिली असतीस. तुझं ते नुसतं पाहणं फार वाईट होतं, ताई.

जन्मभर सांभाळीन वगैरे बोलत नाही. असलं माझ्या तोंडून लोकांनी भरपूर ऐकलं आहे. एवढंच कबूल करतो की संध्याला आज सगळं सांगेन, दोर घेऊन आलेल्या माणसासकट. आणि उद्या लताबाईंना फोन करीन. बिजली काय खायची, कशाला भ्यायची, तू तिला कशी हाक मारायचीस, मला काहीच माहीत नाही, सांगा, असं म्हणून विचारीन.

संध्या आत चहा ठेवते आहे. बिजली खुर्चीखाली पडली आहे. मी उठलो की माझ्यामागे स्वयंपाकघरात येईल. मग संध्याचा आवाज चढेल. चढायलाच पाहिजे. आणि ही घाबरून पुन्हा माझ्याच पायांमागे लपेल. आपण कोणाच्या मागे लपतो आहोत, हे तिला माहीत नाही. ते तिला कधी कळायची पाळी येऊ नये, असा वागीन.

तुझा लहाना भाऊ,
बाळू