लांबचं स्टेशन

नाना, तुमच्याकडे होता तसाच एक रेडिओ परवा मी राहुरीच्या बाजारातून आणला. हलका, प्लॅस्टिकचा, ओढली की हातभर लांब होणारी एरियल. डब्यावर छापलंय की जगभरची स्टेशनं लागतात. दुकानदारही तेच घोकत होता. मला तुमची आठवण होऊन हसू आलं, प्रेमाचं नव्हे. जगभरचं ऐकणारा एक माणूस आमच्याकडे होता आणि त्याला घरातलं सोडून सगळं ऐकू यायचं.

चिंचेपासून पत्र्यापर्यंत तुम्ही रेडिओच्या एरियलसाठी तांब्याची तार ताणली होती. आईने एकदा तिच्यावर ओलं लुगडं वाळत टाकलं, तर तुम्ही ते ओढून मातीत फेकलंत. कुठल्याशा बर्फाळ देशातली बाई हिंदीतून तिकडचं हवामान सांगते आहे आणि तुम्ही ओट्यावर डोळे मिटून डुलताय. सकाळी पारावर तेच हवामान तुम्ही लोकांना ऐकवायचात. मी कितवीत आहे, हे मात्र दरवर्षी आईला विचारायचात. गाव तुम्हाला हुशार म्हणायचं. गावाचं काय जात होतं?

त्या साली कांदा पोसायला आला होता. दिवसभर गेलेली लाईट दिवेलागणीला आली. आईने धावत जाऊन विहिरीवरची मोटर लावली आणि खोरं घेऊन दारं धरायला, एकेका वाफ्यात पाणी वळवायला उतरली. मोटर चालली की तुमच्या रेडिओत घरघर यायची. "बंद कर ती मोटर! स्टेशन लागलंय!" तुम्ही ओट्यावरून ओरडलात. आई हलली नाही. मग तुम्ही अनवाणीच तरातरा आलात, मोटर बंद केलीत आणि मला म्हणालात, "पानी काय, उद्या बी देता येतंय." उद्या लाईट आलीच नाही, परवाही नाही. कांदा काढला तेव्हा लिंबाएवढी गोलटी निघाली. आई म्हणाली, "असू दे. त्यांना तेवढंच हाय." त्या दिवसापासून मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

तुम्ही गेल्यावर तुमचा रेडिओ मी भंगारवाल्याला देऊन टाकला. शेत आता मीच बघते. आई महिनाभर अंथरुणाला खिळून आहे, घास तोंडात घेत नाही. काय हवं म्हणून विचारलं, तर म्हणते, "त्यांचा रेडिव लाव जरा. घर लई गप हाय." दुसरं काहीही मागितलं असतं, तर मी आनंदाने आणलं असतं.

तुमची निम्मी स्टेशनं केव्हाच बंद पडली आहेत, नाना. काल संध्याकाळी नुसती खरखर, आणि तिच्यात कुणीतरी परक्या भाषेत बोलणारा. आम्हा दोघींना अक्षरही कळत नव्हतं. पण आईने तोंड उघडलं. दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी पोटात गेली. तेवढ्यात लाईट आली, आता ऑटोवर असलेली मोटर आपोआप सुरू झाली आणि घरघरीत तो माणूस बुडाला. आईने तोंड फिरवलं. "मोटर बंद कर गं."

वाफे कोरडे ठणठणीत होते, कांदा पोसायला आला होता. मी उठले आणि अनवाणीच विहिरीकडे गेले.

हे तुम्हाला कुठे पाठवणार? तुमच्या फोटोपुढेही वाचणार नाही. मोटर मी बंद केली हे ऐकून तुम्ही उगाच खूश व्हाल.