भाऊबीजेची अर्धी चादर

४ नोव्हें. ९६, सोम.
फ्रीगंजातला एसटीडीवाला फॅक्स घेऊन आला. "मेजर साब, विदेस से आया है," म्हणत चहाच्या आशेने उभा. परदेशातल्या युद्धगुन्ह्यांचा तपास करणाऱ्या वकीलबाई उज्जैनला येताहेत. मी शांतिसेनेत असताना राहिलो त्या गावाबद्दल विचारायचंय. बायको खूश, वसू. "लीनाची खबर असणार!" लीना म्हणजे येलेना, आमची तिथली दुभाषी. वसूने तिला पाहिलेलंही नाही, पण हे मराठी नाव हिनेच ठेवलं.

५ नोव्हें.
दिवसभर तेच गाव डोळ्यांपुढे. बर्फ, कोळशाचा वास, लीनाची कडू कॉफी. दिवाळीत तोंड पाडून बसलो होतो, तिने कारण विचारलं. म्हटलं, आज भाऊबीज, आणि मला बहीणच नाही. पोरीने बशीत मेणबत्ती लावली. कुंकू कुठलं? आलुबुखाऱ्याच्या जॅमचा टिळा लावला आणि ओवाळलं, तेही उलटं. ओवाळणी म्हणून जवळ होती ती आपल्या इथल्या भैरवगढची छापील चादर दिली. अर्धीच. मी घरून तिकडे निघालो तेव्हा वसूने रागारागाने फाडलेली, अर्धी तुमची, अर्धी माझी. वाकडी, ऐन कोयरीतून. अजून चिडवतो वसूला. तिची अर्धी शिलाई मशीनवर असते.
फार आठवण येते पोरीची.

धनत्रयोदशी
वकीलबाई भेटल्या. ज्याचं ठाणं तिथल्या शाळेत होतं तो अधिकारी पकडला गेलाय. म्हणतो, गाव रिकामं केलं त्याच्या आदल्या दिवशीच दुभाषी मुलगी बसने सीमेपलीकडे गेली. तपासवाल्यांनी शाळेमागे माणसं पुरलेला खड्डा उकरलाय. त्यात छापील कापड सापडलं, एका बाजूने फाटलेलं. बाई पिशवीतून त्या कापडाचा फोटो काढू लागल्या. मी नको म्हटलं. अख्खं आयुष्य फौजेत काढलं आणि एका फोटोला भ्यालो.
कड जुळली तर तो सुटत नाही. पण कड जुळली तर लीना
घरी सांगितलं. वसूने मशीनवरची चादर कपाटात कोंबली, किल्ली कमरेला. "अशा चादरी भैरवगढला ढीगभर छापतात. तो म्हणतोय ना बसने गेली? झूठ कशाला बोलेल?"
"वसू, झूठ तोच बोलतोय गं."
रडली. मीही.

भाऊबीज
बाई आज रात्रीच्या गाडीने जाणार. उत्तर हवंय. वसूनेच कपाट उघडलं, चादर टेबलावर ठेवली. "अहो, त्याचं खरं मानलं तर तो मोकळा, आणि लीनाला कोणी शोधणारही नाही." बाईंनी शेजारी फोटो ठेवला, पालथा. वसू मला म्हणाली, "त्यांना सांगा, पहिले जेवण. सणाचं असं कोणी जात नाही." बाईंनी पुरी काट्याने खाल्ली.
आत गेलो तर वसूने जॅमच्या बाटलीत बोट बुडवलं नि माझ्या कपाळाला लावलं. "तिच्याकडून," म्हणाली.
बाई हात धुताहेत, तेवढ्यात हे लिहितोय. फोटो अजून पालथाच. बाई टॉवेल मागताहेत.