पोळ्याआधी कोंडलेल्या बंदुका

किन्हीराजा. पोळा, १९५४.

मी पोलीसपाटील. भांडणाच्या भीतीनं गावातल्या सगळ्या परवान्याच्या बंदुका सणाआधीच कोठीत कुलपात घातल्या. माझीसुद्धा. खांदा रिकामा वाटत होता.

धाकटा भाऊ आनंदा चिडला, "भाऊ, डुकरं भुईमूग उकरून राह्यली, अन् तुमी बंदुका कायले कोंडल्या?"

आज तोरणाखाली पहिली जोडी कोणाची, यावरून काठ्या निघाल्याच. डोकी फुटली, पण मेलं कोणी नाही. पेपरात शहरातले खून वाचतो. तिथंही बंदुका अशाच कोंडल्या तर कितीतरी माणसं वाचतील. माझी खात्री आहे.

एवढी खात्री कशावरून? आनंदाच्या डोक्यात काठी बसली, तेव्हा माझा हात आपोआप खांद्याकडे गेला.

खांदा रिकामा होता.