गटार जेथे संपते

॥ श्री ॥
वसंतनगर, पांडेसऱ्यापलीकडे, सुरत
४ ऑगस्ट १९९६

चि. सौ. भागीरथीस लोटूदादाचे अ. उ. आ.

येथील सर्व क्षेम आहे, असे लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु असत्य लिहिण्याचा मला सराव नाही. आपली नात, गोपालची ज्योती, महिन्याभरात दुसऱ्यांदा जुलाब-उलट्यांनी आजारी पडली. पाणी बदला, असे डॉक्टरांचे सांगणे आहे.

आमच्या वसाहतीच्या मधोमध जो रस्ता आहे, तेथेच शहराची हद्द संपते. तुझा लेक दगा राहतो ती रांग शहराची, आमची पंचायतीची. प्लेगाच्या साथीनंतर पलीकडे पक्के गटार झाले. ते रस्त्यापर्यंत आले आणि थांबले. पुढचे सारे पाणी आमच्या हातपंपाभोवती मुरते. शहराचे साहेब म्हणतात की, पुढची जमीन आमची नव्हे. सरपंच म्हणतात की, घाण आमची नव्हे. दगा पहाटे चोरून दोन हंडे नळाचे पाणी देतो. तेवढ्याने काय भागणार?

मी दोन्हीकडे अर्ज केले. कानबाईमातेच्या विसर्जनाच्या सोमवारी दोघांचीही माणसे एकत्र पाहणीस येणार आहेत. वार मीच सुचवला. त्या दिवशी एकही खानदेशी माणूस मिलमध्ये जात नाही. दोन्ही रांगांतले रहिवासी हजर असतील, तरच काम मंजूर होईल. दगास तूही बजावून लिही.

लोभ वाढवावा, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कमी कराव्यात.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
शिरपूर
१० ऑगस्ट १९९६

ती. दादांस भागीरथीचा शि. सा. न. वि. वि.

लाल पेन्सिल घेऊन बसला असाल, तर आधी ती खाली ठेवा. पुढच्या शुक्रवारी राघोभाऊजी सुरतेस येत आहेत. त्यांच्याबरोबर ज्योतीला इकडे पाठवा. आमच्या विहिरीचे पाणी गोड आहे, म्हैस नुकतीच व्याली आहे. पोर महिन्याभरात ओळखू यायची नाही.

आणि दादा, सोमवार कसा ठरवलात? कानबाई नदीला निघाली की घरात मांजरसुद्धा राहत नाही. तुम्ही जन्मात कधी नाचला नाहीत, म्हणून ध्यानात आले नसेल. माझे हसू अजून थांबत नाही. दगाला मात्र लिहिले आहे.

सूनबाईला, चंचलला सांगा की, पोरीची काळजी करू नकोस. आजवर रागावत आलात, तसेच रागावत राहा.

तुमची,
भागीरथी


॥ श्री ॥
सुरत
१७ ऑगस्ट १९९६

चि. सौ. भागीरथीस अ. उ. आ.

विसर्जन सकाळी नऊपर्यंत आटोपते आणि साहेब बारास येतात; तेव्हा तुझ्या हसण्यास आधार नाही.

राघोभाऊजींस काल एकटेच परत पाठवले, याचा विषाद मानू नये. घरात सात वर्षांचे आजारी मूल आहे, असे मी अर्जात स्वहस्ते लिहून दिले आहे. पाहणीच्या वेळी मूल दिसले नाही, तर ते वाक्य खोटे ठरेल आणि त्यामागून सारा अर्ज. चंचल रडली. मी तिला समजावले की, प्रश्न एका मुलीचा नसून अवघ्या रांगेचा आहे.

सोमवार होऊ दे. मंगळवारी मी स्वतः ज्योतीस घेऊन गाडीत बसेन. तोवर धीर आणि लोभ, दोन्ही असू द्यावे.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
सुरत
२७ ऑगस्ट १९९६

चि. सौ. भागीरथीस अ. उ. आ.

आज गाडीत बसणे झाले नाही.

रविवारच्या पावसाने गल्लीत गुडघाभर घाण साचली. देवीला असल्या पाण्यातून न्यायची नाही, म्हणून शेजारच्या शोभाबाई अडून बसल्या. त्यांचेही खरेच होते. दोन्ही रांगांच्या कानबाया मग हमरस्त्याने, लांबच्या वळणाने निघाल्या. दगा ढोलापुढे होता.

साहेब वेळेवर आले. शहराचे रस्त्याच्या त्या कडेला उभे राहिले, पंचायतीचे या कडेला. मी ज्योतीस उचलून रस्त्यात नेले. दोघांनीही तिला पाहिले. शहराच्या साहेबांनी आपल्या बाजूचे रहिवासी विचारले. त्या रांगेस कुलपे होती. शहराच्या हद्दीतून तक्रार नाही, असा शेरा त्यांनी लिहिला. ते पाहून पंचायतीच्या माणसानेही वही मिटली. पुढील पाहणी दिवाळीनंतर.

मिरवणूक दोन वाजता परतली. दगा माझ्या पायांवर डोके ठेवून रडला.

ज्योतीस काल रात्रीपासून पुन्हा उलट्या होत आहेत. सकाळी दवाखान्यात दाखल केले. ती तुझ्या म्हशीविषयी विचारत होती. अधिक लिहवत नाही. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दादा


शिरपूर
२२ सप्टेंबर १९९६

ती. दादांस भागीरथीचा नमस्कार.

पोरीची वार्ता देणारे, कोपरा फाडलेले तुमचे कार्ड राघोभाऊजींनी दाराबाहेरच वाचले आणि तिथेच फाडून टाकले. गोपाल चंचलला घेऊन परवा आला. ती जेवत नाही. म्हैस हंबरली की उठून आत जाते.

दगाचे पत्र आहे. पोर गेल्यावर तिसऱ्या दिवशी शहराची गाडी आणि पंचायतीची माणसे एकाच वेळी आली म्हणे. दोन्ही रांगांत पांढरी पावडर टाकली, एकाच टपरीवर चहा प्याली. हे मी चंचलला सांगितलेले नाही.

तुमच्या अर्जात खोटे काही नव्हते, दादा. मी तिला तसे सांगून पाहिले. ती म्हणाली की, आत्याबाई, राघोभाऊजी आले त्या दिवशी मी पोरीची पिशवी भरून ठेवली होती.

गोपाल सोमवारी कामावर परतेल. चंचल येणार नाही आणि मी तिला जा म्हणणार नाही. तुमच्या जेवणाचे दगाच्या बायकोला कळवले आहे.

माझा लोभ आटलेला नाही. पण ती या घरात आहे तोवर, दादा, तुम्ही इकडे येऊ नका.

तुमची,
भागीरथी