डाव्या खांद्यावर घोंगडं

लेस्टर, इंग्लंड
२७ डिसेंबर २०२४

दोस्त उत्तरेश्वर,

तुला आणि कडूबाईवहिनीला खाजामियाँचा सलाम. मेंढरं घेऊन यंदा कुठवर गेलास? गुडघा कसा हाय? मी बरा हाय. हारिसची हॉस्पिटलातली नोकरी नीट चाललीय, सूनबाई शाईस्ता मला जपती. थंडी लई. सव्वाआठला उजाडतं न् चारला अंधार पडतो.

फोन केला असता, पण हे फोनवर बोलायला जमंना. म्हणून कागद घेतला.

आल्यावर महिनाभर मी खिडकीपाशीच बसून होतो. शाईस्ता सुटीच्या दिवशी एका संस्थेत फुकट काम करती. एक दिवस मलाही घेऊन गेली. "अब्बा, काही करू नका, पण माणसांत बसा," म्हणली. ज्यांना पक्कं घर न्हाई, सरकारनं दिलेल्या तात्पुरत्या खोल्यांत राहत्यात, अशा लेकरांची ती संस्था. नाताळात तिथं लई धांदल. दान आलेले कपडे निवडायचे, खेळणी बांधायची. मी नुसत्या घड्या घालायचो. चाळीस वर्षं कपडे शिवलेला माणूस, पण कुणाला सांगितलं न्हाई.

लेकरं हजरत ईसांच्या जन्माचं नाटक करणार होती. डेझी नावाची सात वर्षांची पोरगी मेंढपाळ होणार होती. चार दिवस आधी ती पडली न् डावा हात प्लास्टरमधे गेला. पोशाखाची बाही काही केल्या चढंना. तिथल्या पॉलीनबाई म्हणल्या, राहू दे, यंदा तू पुढं बसून बघ. पोरगी रडली न्हाई. तो पोशाख गोळा करून घडी घालायला माझ्या हातात दिला. ते मला बघवलं न्हाई.

शाईस्ताला म्हणलं, "विचार त्यांना, शिलाई मशीन हाय का इथं." ती माझ्याकडं बघतच राहिली. माझी घरवाली हजराबी गेल्यापासून मी मशीनला हात लावला नव्हता, हे तुला ठाऊक हाय.

बाही उसवली, काखेपासून खाली नाड्या लावल्या. पण प्लास्टर उघडं दिसाया लागलं. तेव्हा तू आठवलास. कपड्यांच्या ढिगात एक काळंकरडं ब्लँकेट होतं. ते कापलं, काठ दुमडला आणि तू घोंगडं टाकतोस तसं तिच्या डाव्या खांद्यावर टाकलं. हात झाकला. डोक्याला लाल पागोटं बांधलं.

पॉलीनबाईंनी विचारलं, "मेंढपाळ असा असतो?"

मी शाईस्ताकरवी सांगितलं, "एकाला मी चाळीस वर्षं बघतोय. असाच असतो."

मग बाकीच्या तिघा मेंढपाळांनीही पागोटी मागितली.

तुरपाईला डोळे साथ देईनात. सुईत दोरा हजराबीच ओवायची. मी सुई धरली, डेझीनं चांगल्या हातानं दोरा ओवला. चारदा चुकली, पण ओवला. नाटकात बाळ जन्मल्याची खबर पहिल्यांदा मेंढपाळांनाच येती, तुला ठाऊक होतं का? डेझी सगळ्यांच्या पुढं उभी होती. मी मागच्या बाकावर बसून पोटभर रडलो, आणि बरं वाटलं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

आखाडात तू माझ्या दाराची कडी तोडलीस, तेव्हा मी म्हणलो, तापानं पडलोतो. ताप नव्हता. चार दिवस पोटात अन्न न्हाई, कारण मला उठायचंच नव्हतं. तू वळखलं असशील. तरी कुणाला बोलला न्हाईस, हारिसलाही न्हाई. दोन महिने रोज भाकरी घेऊन आलास, समोर बसून खायला लावलीस. आणि मी तुला म्हणलो, "तुझी बायको घरात हाय, तुला काय कळतंय बे." मला पोराकडं धाडायचं तूच ठरवलंस, तर वाटलं, हा माझ्यापासून सुटका करून घेतोय. निघायच्या दिवशी मांजरसुंब्याच्या फाट्यावर तू गाडीपाशी उभा होतास. मी काचेतून बघितलंसुद्धा न्हाई.

माफ कर. तुझे उपकार समोर उभं राहून मानायची माझी हिंमत न्हाई, म्हणून इतक्या लांबून लिहितोय.

वीस जानेवारीला येतोय. हारिस राहा म्हणतोय, पण दुकान उघडायचंय. सकाळच्या गाडीनं मांजरसुंब्याला उतरीन. तू बोलशील का न्हाई, ठाऊक न्हाई. न्हाई बोललास तरी चालंल. उभा मात्र राहा.

तुझा, आणि तुझ्यामुळं असलेला,
खाजामियाँ